न झालेल्या धुरासाठी भिवंडीला

आमच्या पठारावरची माणसं मुंबईला जातात, पुण्याला जातात, दोघं-तिघं दुबईलाही जाऊन आली. भिवंडीला मुद्दाम कुणी गेलेलं माझ्या ऐकिवात नाही. मी गेलो, तीन दिवस राहिलो नि हात हलवत परत आलो. आल्यापासून ज्याला बघावं तो विचारतोय, "रामभाऊ, काय म्हणाले शेठ?" तेच तेच सांगून माझं डोकं उठलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, मला पुन्हा विचारू नये.

आधी मी कोण ते सांगतो. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं पठार आहे आणि त्यावर पवनचक्क्या आहेत. त्यातली बावीस नंबरची मी सांभाळतो, गेली वीस वर्षं. वारा सुटला की तिला चालू करायचं, फार झाला की थांबवायचं, आतल्या शिडीनं वर चढून तेल बघायचं, ग्रीस भरायचं. तिचा मालक भिवंडीचा, हमीदशेठ. त्यांचे तिथं यंत्रमाग. भिवंडीच्या माणसाची चक्की आमच्या डोंगरावर कशी, असं नवखा माणूस हमखास विचारतो. तर त्या काळी कारखानदारानं चक्की घेतली की करात सूट मिळायची, होईल ती वीज सरकारी बोर्ड विकत घ्यायचं आणि तिसरे म्हणजे धुराचे पैसे.

'धुराचे पैसे' हा आमच्या गावचा शब्द. परदेशात कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना धुराची किंमत लावली होती. त्यांनी स्वतःचा धूर कमी करायचा, नाहीतर दुसऱ्या कुणी वाचवलेला धूर विकत घ्यायचा. आमची चक्की जेवढी वीज करील तेवढा कोळसा कुठंतरी जळायचा वाचला, असा हिशेब. त्या वाचलेल्या धुराचं सर्टिफिकेट शेठना मिळायचं नि ते तिकडं विकलं जायचं. न झालेल्या धुराचे पैसे! गाव हसून हसून लोळलं होतं. माझी बायको इंदू तेवढी हसली नव्हती. ती म्हणाली, "न झालेल्या धुराचे पैसे देणारा उद्या म्हणंल, दाखव बघू कुठाय तो धूर."

ते पैसे चांगले येत होते तेव्हा शेठनी दुसऱ्या चक्कीचा पाया खणायला घेतला. बावीस नंबरच्या शेजारीच, अख्खं घर मावेल एवढा खड्डा. खड्डा झाला आणि धुराचा भाव पडला. तिकडं सर्टिफिकेटं उदंड झाली, घेणारा कुणी राहिला नाही. शेठनी काम थांबवलं. आता त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं नि म्हशी डुंबतात.

गेल्या हंगामात बावीस नंबरचा गिअरबॉक्स गेला. आधी घरघर, मग ठणठण, मग एका सकाळी पाती थांबली ती थांबलीच. मी शेठना फोनवर फोन केले. शेवटी ते म्हणाले, "रामभाऊ, हे फोनवर बोलायचं नाय. तू इकडे ये." कानावर आलं होतं की आता आपल्या देशातही धुराचा बाजार उघडतोय, आपल्या कारखान्यांनाही किंमत लागणार. मी मनातल्या मनात मांडे खाल्ले. भाव आला तर शेठ नवा गिअरबॉक्स बसवतील, कुणी सांगावं, खड्ड्यातही दुसरी उभी राहील. इंदू दोन वर्षांमागं गेली. पोरबाळ नाही. खाली घरात मी एकटा नि वर ती चक्की, एवढंच उरलंय. ती गेली तर मी सकाळी उठून कुठं जायचं?

पिशवीत दोन बाटल्या घेतल्या. एकीत कारवीच्या फुलोऱ्याचा मध, शेठच्या घरी द्यायला. दुसरीत गिअरबॉक्सचं तेल, ठाण्यात तपासायला द्यायचा नमुना. घरात मधाच्याच रिकाम्या बाटल्या होत्या, म्हणून दोन्ही सारख्या. तेलाच्या बाटलीला मी दोरा बांधला होता. वाटेत कुठंतरी तो सुटला.

गुरुवार, काल्हेर

ठाण्याची खाडी ओलांडली की मला वाटलं होतं गाव लागेल, शेतं लागतील. लागली ती गोडाऊनं. एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं, मध्ये कंटेनरची रांग नि त्या रांगेत आमची रिक्षा अडकलेली. रिक्षावाला तिथलाच, पन्नाशीचा, गळ्यात जाड चेन. मी उगाच चुळबुळ करत होतो तर म्हणाला, "दादा, टाइम लागंल. ट्रॅफिक हाय. रिक्षा काय उडत न्हाय."

मी विचारलं, "इथं पूर्वी काय होतं?"

"आमचा शेत व्हता. भात पिकायचा. त्यो निळा पत्रा दिसतो ना, त्याचे खाली." त्यानं बोट दाखवलं ते सासऱ्याचं घर दाखवावं तसं, कौतुकही नाही नि राग नाही. "भाडा येतो. मंग रिक्षा कशाला चालवता, सगले इचारतात. घरात बसून करू काय?"

मला तो माणूस तिथंच आवडला.

काल्हेरला माझी भाची सविता राहते. पठारावर काम नाही म्हणून नवरा-बायको इकडं आले. ती एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. आली तेव्हा तिची शिफ्ट नुकतीच सुटली होती, बोटांना चिकटपट्टीचा गोंद लागलेला. चवथ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीतून नुसती गोडाऊनांची छपरं दिसतात, आणि त्या छपरांवर काळ्याभोर काचा मांडलेल्या. सोलर.

"मामा, सगळ्यांनी टाकलंय," ती म्हणाली. "आमच्या शेठनी दोन दिवसांत बसवून घेतलं. ना डोंगर चढायचा, ना ग्रीस भरायचं. पाणी मारून पुसलं की झालं."

"रात्री काय करतं तुझं सोलर?"

"रात्री झोपतं. तुमच्या चक्कीगत रात्रभर ओरडत नाही."

मला राग आला. पोरगी चेष्टाच करत होती, पण चक्कीवरून बोललं की मला झोंबतं. तिनं नाचणीची भाकरी नि चटणी वाढली नि मग हळूच म्हणाली, "मामा, नाही म्हणाले तुमचे शेठ तर इथंच राहा. वॉचमनची जागा निघते आमच्याकडं." मी म्हणालो, "वीस वर्षं वाऱ्याशी बोललो, आता काय खोक्यांशी बोलू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बोलायला नको होतं. माझी जीभ अशीच आहे, आणि तिच्यापायी मी काय काय गमावलंय ते पुढं येईलच.

शुक्रवार, भिवंडी

भिवंडी आधी कानाला कळते, मग डोळ्याला. गल्लीत शिरलो नि जमीन पायाखाली थरथरायला लागली. खटाखट, खटाखट, दोन्ही बाजूंनी. आमच्याकडं बोलताना वाऱ्याच्या वर आवाज चढवावा लागतो, इथं लूमच्या. म्हणजे शेठ फोनवर एवढं का ओरडतात ते मला वीस वर्षांनी कळलं. ते म्हणाले, मी फोनवर ओरडतो ते वाऱ्यामुळं, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

हमीदशेठ थकलेत. दाढी पांढरी झालीय, चालताना भिंतीचा आधार घेतात. मला बघून मात्र दारापर्यंत आले, दोन्ही हात हातात घेतले. "आलास रे बाबा! किती हवा घेऊन आलास तुझ्या डोंगरावरची?" भाभी आतून आल्या. मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "कारवीचा मध. गेल्या फुलोऱ्याचा." त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "दुपारी घावणे करते. मधाबरोबर लागतात चांगले."

मग शेठ मला कारखान्यात घेऊन गेले. चार शेड होत्या म्हणे. तीन रिकाम्या झाल्यात. जमिनीवर लूमच्या पायांचे चौकोन तेवढे उरलेत, नि भिंतीला कापसाची पांढरी लव.

"लूम कुठं गेले?"

"भंगारात. किलोवर." शेठ म्हणाले. "ज्या लूमनी तीन पिढ्या खाऊ घातल्या ते तराजूवर टाकले. मी बघायला नाय गेलो. पोरीला पाठवलं."

चवथ्या शेडमध्ये दोन रांगा चालू होत्या. त्या गदारोळात शेठ माझ्याशी बोलता बोलता थांबले, मान वाकडी केली नि आतल्या कामगाराला ओरडले, "तिसरा! धागा गया!" खरंच तिसऱ्या लूमवरचा धागा तुटला होता. एवढ्या आवाजात त्यांना एक धागा ऐकू आला! मीही असाच टॉवरला कान लावून बेअरिंग ओळखतो. इतकी वर्षं मी त्यांना पैसेवाला मालक समजत होतो.

नमाजाची वेळ झाली तसे लूम एकेक करत थांबले. जुम्मा होता. वारा पडल्यावर पठारावर जशी शांतता होते तशी झाली, कानात नुसतं गुंईं गुंईं. शेठ मशिदीकडं गेले, मी पायरीवर बसून राहिलो.

परत आल्यावर शेठना जुनं आठवलं. ते आमच्या पठारावर एकदाच आले होते, चक्की उभी राहायच्या आधी, गावच्या मीटिंगला. धुराचे पैसे मिळायचे तर गावकऱ्यांना गोळा करून, तुमची काही हरकत आहे का, असं विचारावं लागायचं, त्याचं लेखी करावं लागायचं. "मीटिंग संपली नि माझी टोपी उडाली," शेठ हसत म्हणाले. "पार दरीकडं निघाली. सगळे बघत उभे. तुझी बायको धावत गेली नि झुडपातून काढून आणली. काय नाव तिचं?"

"इंदू."

"कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली."

शेठ ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "भली बाई. मीटिंगमध्ये काहीतरी बोललीपण होती ना ती? काय बोलली होती?"

"काही नाही हो," मी म्हणालो नि लूमबद्दल काहीतरी विचारलं.

जेवायला शेठ, त्यांची मुलगी नसरीन नि मी. नसरीन शिकलेली, कंपन्यांना हे धुराचे कागद तयार करून देण्याचंच काम करते. बोलायला चटपटीत, मला काका म्हणते. तांदळाची भाकरी इतकी पातळ की आरपार दिसावं. आमची भाकरी ताटात पडली की आवाज होतो. सुक्या बोंबलाचं कालवण होतं, मी दोनदा घेतलं. मग भाभींनी गरम घावणे आणले नि कौतुकानं माझी बाटली उघडून शेठच्या ताटात धार सोडली.

धार पडली नि मी ताटातला हात काढला. मध असा पडत नाही.

शेठनी घावण्याला हात लावला नाही. त्यांनी त्या तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, मग अंगठ्यावर चोळून उजेडाकडं धरलं. बोट चमचम करत होतं.

"या अल्ला, हे काय?" भाभी किंचाळल्या.

"मध नाय," शेठ शांतपणे म्हणाले. "बावीस नंबर आहे."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी माफी मागत सुटलो, बाटल्या कशा सारख्या, दोरा कसा सुटला. भाभी बिचाऱ्या ताट उचलून हसायला लागल्या, पण शेठ हसले नाहीत. ते अजून बोट चोळत होते.

"लोखंड आहे रे यात. कण लागतात हाताला. गिअरचे दात खाल्लेत सगळे." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू फोनवर म्हणत होतास, एक बेअरिंग बदललं की चालेल."

आता लपवून काय करू? मी खोटं बोललो होतो. वर चढलो त्या दिवशीच मी ते तेल उन्हात धरून बघितलं होतं नि मला कळलं होतं. ठाण्याची लॅब हे निमित्त. शेठचा होकार आधी घ्यायचा नि मग खरं सांगायचं, असा माझा डाव होता. मान खाली घातली. म्हणालो, "शेठ, पूर्ण गिअरबॉक्स लागेल. पण आता आपल्याकडंच धुराला भाव येतोय म्हणतात. तो आला की निघेल ना खर्च?"

शेठनी नसरीनकडं बघितलं. तिनं हात पुसले नि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"काका, खरं सांगू?"

"सांग."

"धुराचा पैसा देणारे एकच प्रश्न विचारतात. आमचे पैसे नसते तर ही चक्की झाली नसती का? बावीस नंबर तर वीस वर्षं उभीच आहे. तिचा वाचलेला धूर त्यांच्या लेखी जुना झाला. तिला नव्या बाजारात काही मिळेल असं मला दिसत नाही."

"मग तो खड्डा? तिथं नवी उभारली तर?"

"मी बँकेत जाऊन बसले होते काका, दोनदा. चक्की वीस वर्षांसाठी उभी करायची. बँकवाले विचारतात, दहा वर्षांनी धुराचा भाव काय असेल? मी काय सांगू? पुढच्या वर्षीचासुद्धा कुणी छातीठोक सांगत नाही. भाव थोडा असता पण कुणी म्हटलं असतं की याच्या खाली जाऊ देणार नाही, तरी बँक तयार झाली असती. आज आहे नि उद्या नाही, अशा भावावर आमच्यासारख्याला कोण कर्ज देईल? मोठ्या कंपन्यांचं वेगळं. भाव पडला तर त्या थांबू शकतात. एकदा आपण थांबलो नि काय झालं तुम्ही बघितलंच."

"म्हशी डुंबतात," मी म्हणालो.

मग शेठ बोलले, माझ्याकडं न बघता.

"रामभाऊ, तुला गंमत सांगतो. तेव्हा तो कार्बनवाला साहेब आला होता, फाइल बनवणारा. त्यानं एक कागद पुढं केला. त्यावर लिहिलेलं, या पैशाशिवाय ही चक्की परवडत नाय. मी म्हटलं, साहेब, परवडते ना, करात सूट आहे, बोर्ड वीज घेतंय. तो म्हणाला, शेठ, अर्जात रडायचंच असतं, त्याशिवाय कोण देतो? मी हसत हसत सही केली. सगळेच करत होते. कर्जाला जाताना, सबसिडीला जाताना आपण रडतोच की." त्यांनी बोट टॉवेलला पुसलं. "आता बघ. करातली सूट संपली, बोर्डाचा करार संपला, धुराचे पैसे गेले. चक्की परवडत नाय. खोटं म्हणून लिहिलं नि ते खरं झालं."

मग त्यांनी निर्णय सांगितला. एका मोठ्या कंपनीला ती जागा हवी आहे. आमच्या बाजूच्या चार-पाच जुन्या चक्क्या काढून तिथं एकच उंच यंत्र उभं राहणार. बावीस नंबर पावसाळ्यानंतर उतरवायची. लोखंड भंगारात, पाती कुणी घेत नाही, ती तिथंच पडतील.

"आणि मी?" मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

नसरीन म्हणाली, "ते लांबून कॉम्प्युटरवर चालवतात, काका. तिथं राहणारा माणूस लागत नाही त्यांना." तिनं ते गोड करून सांगितलं नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला तेलाचा वास येत होता. मला रडू फुटलं. परक्याच्या घरात, पंचावन्न वर्षांचा बाप्या, घावण्याच्या ताटासमोर बसून रडलो. भाभींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

शनिवार, अंबाडी

जागा द्यायची तर मूळ कागद लागणार. कारखान्यातलं ऑफिस रिकामं केलं तेव्हा जुन्या फाइली वाडा रोडला अंबाडीजवळच्या एका गाळ्यात नेऊन टाकल्या होत्या. कुठला कागद कुठल्या तुकड्याचा ते मलाच ठाऊक, म्हणून नसरीन म्हणाली, "काका, चला ना बरोबर." नाही म्हणायचं मनात होतं. आपल्याच चक्कीच्या मरणाचे कागद शोधायला कोण जातं? पण तिचा चेहरा बघून गेलो.

वाडा रोड खड्ड्यांचा आहे, पण भिवंडी मागं पडली की हिरवं दिसायला लागतं. गोडाऊनांच्या मधून भाताची खाचरं डोकं काढतात. अंबाडी नाक्यावर आम्ही चहा घेतला. शनिवारची गर्दी, आसपासच्या पाड्यांवरच्या बायका भाजी मांडून बसलेल्या. एकीकडं रानातली करटोली होती. आमच्याकडंही ती होतात. मी पाव किलो घेतली, सविताला द्यायला. गुरुवारचं बोलणं मनात सलत होतं.

गाळ्यात उंदरांचा नि जुन्या सुताचा वास. फाइलींचे गठ्ठे कापडाच्या चिंध्यांनी बांधलेले. तासाभरात जागेचे कागद मिळाले. नसरीन गठ्ठा परत बांधत होती तेवढ्यात एक जाड निळी फाइल खाली पडली. वर आमच्या पठाराचं नाव इंग्रजीत. धुराची फाइल.

"बघायचीय?" तिनं विचारलं.

शेठची ती हसत केलेली सही बघितली. पुढं फोटो होते. शाळेच्या पटांगणातली मीटिंग, सतरंजीवर माणसं, मागं बायका. फोटो धुरकट झालेला. मी पुढं उभा, कडक इस्त्रीचा शर्ट, मिश्या काळ्याभोर. मला नुकतंच ऑपरेटर म्हणून घ्यायचं ठरलं होतं, त्यामुळं मी शेठच्या नि साहेबाच्या मागं-पुढं नाचत होतो. बायकांच्या रांगेत एक उभी होती. चेहरा हललेला, पण उभं राहायची ढब मी ओळखली.

"इथं मीटिंगमधले प्रश्न आहेत," नसरीन म्हणाली. सगळं इंग्रजीत. ती मराठीत सांगत गेली. रस्ता होईल का. पोरांना नोकऱ्या लागतील का. जनावरांना त्रास होईल का. प्रत्येकापुढं नाव नि उत्तर. मग ती म्हणाली, "हा वेगळाच आहे. नाव नाही. 'एका महिलेने विचारले, परदेशातला भाव पडला आणि चक्की बंद पडली, तर तिला बघायचं कुणी?'"

मी भिंतीला टेकलो.

नसरीनचं लक्ष कागदावरच होतं. "बाप रे, काका! वीस वर्षांपूर्वी? बँकवाल्यांनी मला काल-परवा हेच विचारलं. मोठमोठ्या लोकांना तेव्हा हे सुचलं नव्हतं. कोण होती ही?"

"पुढं काय लिहिलंय?"

"पुढं..." तिनं पान उलटून बघितलं, परत मागं आली. "'प्रश्नकर्तीचे समाधान झाले.' एवढंच. बाकी सगळ्यांची उत्तरं लिहिलीत, हिचं उत्तरच नाही. काय उत्तर दिलं होतं हो तिला? तुम्ही होतात ना तिथं?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्या पानाची मी झेरॉक्स मागितली. तिनं का ते विचारलं नाही. नाक्यावर काढून दिली.

पठार

संध्याकाळी करटोली सविताला दिली. तिनं ती चिरली, मी लसूण सोलला. दुसऱ्या दिवशी निघालो. भाभींनी डब्यात घावणे भरून पाठवले होते, नि वर चिठ्ठी, खरा मध पोचला म्हणून. आल्यावर घरी न जाता आधी वर गेलो. बावीस नंबर तशीच, एक पातं खाली, दोन वर. वारा जोरात होता. खड्ड्यात पाणी होतं.

पावसाळ्यानंतर क्रेन येईल. तोवर मी रोज वर जातो. करायला काही नाही, तरी दार उघडतो, झाडतो, बंद करतो. झेरॉक्स मी तिथंच पॅनेलच्या आत ठेवलीय. तीन-चार महिने तरी राहील.

अंबाडीत मी नसरीनशी खोटं बोललो. मला सगळं आठवतंय. हे लिहायला बसलो ते खरं तर तेवढ्यासाठीच. इंदू सतरंजीच्या कडेला उभी राहिली, पदर कमरेला खोचला नि तिनं खणखणीत आवाजात विचारलं. साहेब गडबडला, शेठकडं बघायला लागला. कुणालाच उत्तर ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या, कारण बायको माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी हातातून जाईल असं वाटलं. मी साहेबाला म्हणालो, "लिहा हो, समाधान झालं. पुढं चला." आणि तिच्याकडं वळून जे बोललो तेच त्या प्रश्नाचं उत्तर होतं, दुसरं कुणी काही दिलं नाही.

"खाली बस, इंदू. शेठसमोर शोभा करू नकोस."

ती बसली. मग मीटिंग संपल्यावर शेठची टोपी उडाली तेव्हा उठली नि धावत जाऊन घेऊन आली. त्यानंतर अठरा वर्षं रोज दुपारी तिनं माझा डबा डोंगरावर आणला, पण चक्कीबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.